सायकलींची शर्यत बघावी कशी?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

२१ जानेवारी २०२६ या दिवशी पुरंदर, भोर आणि वेल्हे या तीन तालुक्यांतून एक मोठी सायकल शर्यत गेली. वेल्हे तालुक्याला सरकारी कागदावर आता राजगड म्हणतात, पण माणसांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. शर्यतीचे नाव होते पुणे ग्रँड टूर. गावोगावी माणसे सकाळपासून रस्त्याच्या कडेला उभी होती. शाळेची मुले होती, डोक्यावर पदर घेतलेल्या म्हाताऱ्या होत्या, दुधाचे कॅन गाडीला लटकवून थांबलेले गवळी होते. आधी पोलिसांच्या मोटारसायकली गेल्या, मग झेंडे लावलेल्या मोटारी गेल्या, आणि मग चाकांचा एक सळसळाट आला आणि गेला. अडीचशे मीटर लांबीचा घोळका ताशी पंचेचाळीस किलोमीटर वेगाने जात असेल, तर तुमच्यासमोरून तो वीस सेकंदांत संपतो. त्या दिवशी अनेकांच्या तोंडी एकच प्रश्न होता, “आले कधी, गेले कधी? आणि पुढं कोण होतं?”

प्रश्न अगदी रास्त आहे. कुस्तीत कोणाची पाठ लागली ते दिसते, कबड्डीत कोण बाद झाला ते कळते. या खेळात मात्र जो पुढे दिसतो तो बहुतेक वेळा जिंकणारा नसतो, आणि जिंकणारा मुद्दाम दिसत नाही. म्हणून ही शर्यत बघण्याची रीत थोडी शिकून घ्यावी लागते. आज तेवढेच बोलायचे आहे.

प्रथम शर्यतीचा आराखडा. ही एका दिवसाची शर्यत नव्हे. १९ ते २३ जानेवारी असे पाच दिवस ती चालली. पहिल्या दिवशी पुणे शहरात साडेसात किलोमीटरची छोटी धाव, तिला प्रोलॉग म्हणतात, म्हणजे नांदीच. त्यानंतर चार दिवस चार टप्पे. सगळे मिळून ४३७ किलोमीटर. यूसीआय ही या खेळाची जागतिक संघटना. तिच्या वर्गवारीत या शर्यतीला २.२ असा दर्जा आहे. त्यातला पहिला दोन सांगतो की शर्यत अनेक दिवसांची आहे, दुसरा दोन सांगतो की ती दुसऱ्या वर्गाची आहे. भारतात पुरुषांची या दर्जाची टप्प्यांची शर्यत पहिल्यांदाच झाली. जगभरातले दीडशेहून अधिक स्वार आले होते. शेवटी विजेता ठरला तो न्यूझीलंडचा ल्यूक मडग्वे, ली निंग स्टार या चिनी संघाचा स्वार.

विजेता ठरतो कसा? रोज प्रत्येकाला किती वेळ लागला ते लिहून ठेवतात. सगळ्या दिवसांची बेरीज करतात. ज्याची बेरीज सर्वांत कमी तो पहिला. म्हणजे एखादा स्वार एकही टप्पा न जिंकता अख्खी शर्यत जिंकू शकतो, आणि दोन टप्पे जिंकणारा शेवटच्या यादीत पन्नासावा असू शकतो. रोज संध्याकाळी जो बेरजेत पुढे असेल त्याला दुसऱ्या दिवशी वेगळ्या रंगाचा सदरा मिळतो. फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीत, तूर द फ्रान्समध्ये, १९१९ पासून तो पिवळा आहे, आणि पिवळा रंग पुढे बहुतेकांनी उचलला. पिवळा सदरा दिसला की समजावे, आज सकाळपर्यंत बेरजेत हा पुढे आहे.

प्रोलॉग समजायला आपल्याकडे सोपा दाखला आहे. खेड-जुन्नरकडच्या बैलगाडा शर्यती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना बारी म्हणजे काय ते सांगायला नको. प्रत्येक गाडा घाटात एकटाच सुटतो आणि धावतो तो घड्याळाशी. प्रोलॉगमध्येही तसेच. एकेक स्वार थोड्या थोड्या अंतराने सुटतो. साडेसात किलोमीटर ताशी पन्नासच्या वेगाने कापायला नऊ मिनिटे लागतात. ताशी एकोणपन्नासने कापले तर नऊ मिनिटे अकरा सेकंद. ताशी एका किलोमीटरच्या फरकाने अकरा सेकंद गेले. अकरा सेकंद म्हणजे काय, असे वाटेल. पण या खेळात अकरा सेकंद ही मोठी इस्टेट आहे, कारण पुढच्या दिवशी ती परत मिळवणे महाकठीण.

ते कठीण अशासाठी की एका घोळक्यात शेवटची रेषा ओलांडणाऱ्या सगळ्यांना त्या घोळक्यातल्या पहिल्याची वेळ देतात. शंभर जण एकत्र आले तर पहिल्याची आणि शंभराव्याची वेळ एकच. हा नियम दयाळू आहे. तो नसता तर एकेका सेकंदासाठी शंभर जण एकमेकांच्या अंगावर पडले असते. मग फरक पडणार कुठे? एक तर घोळका फोडून पुढे निघायचे. नाहीतर बक्षिसाचे सेकंद मिळवायचे. टप्प्यात पहिल्या तिघांच्या एकूण वेळेतून साधारणपणे दहा, सहा आणि चार सेकंद वजा करतात. वाटेतही काही ठिकाणी रेषा आखलेल्या असतात. तिथे पहिल्या तिघांना तीन, दोन आणि एक सेकंद. समजा, प्रोलॉगमध्ये कोणी आठ सेकंदांनी मागे पडला आणि दुसऱ्या दिवशी त्याने टप्पा जिंकला, आणि पुढचा त्याच घोळक्यात कुठेतरी मागे आला. दहा सेकंद वजा झाले, आणि आठने मागे असलेला दोनने पुढे गेला. छोट्या शर्यतीत, जिथे आल्प्ससारखे डोंगर नाहीत, तिथे बहुधा असाच हिशेब चालतो. पहाडी शर्यतींतही क्वचित सेकंदांवर येते. १९८९ साली तूर द फ्रान्सच्या शेवटच्या दिवशी अमेरिकेचा ग्रेग लेमाँड हा फ्रान्सच्या लॉराँ फिन्याँच्या पन्नास सेकंद मागे होता. त्या दिवशी घड्याळाशी साडेचोवीस किलोमीटरची धाव होती. तीन आठवड्यांत तीन हजारांहून अधिक किलोमीटर झाल्यावर लेमाँड आठ सेकंदांनी जिंकला.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती गोष्ट म्हणजे वारा.

सायकलवर रोज कामाला जाणाऱ्या माणसाला समोरचा वारा म्हणजे काय ते ठाऊक आहे. पण हवा अगदी स्थिर असली तरी वेगाने जाणारा स्वार स्वतःच आपल्यासमोर वारा उभा करतो. वेग दुप्पट झाला तर हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो कापायला लागणारी ताकद आठपट. ताशी चाळीस-पंचेचाळीसच्या वेगाने सपाट रस्त्यावर जाणाऱ्या स्वाराची बहुतेक सगळी शक्ती हवा बाजूला सारण्यातच जाते. त्याच्या मागे, अगदी चाकाला चाक लावून, जो असतो त्याला मात्र फोडलेली हवा मिळते. ‘आडोसा’ हा आपला जुना शब्द इथे चपखल बसतो. एकामागे एक चालणाऱ्या थोड्या जणांतही मागच्याची मोठी बचत होते. मोठ्या थव्यात तर विचारूच नका. २०१८ साली नेदरलँड्समधल्या आइंडहोवन विद्यापीठातले प्राध्यापक बर्ट ब्लोकेन यांनी १२१ स्वारांच्या थव्याचा अभ्यास केला. थव्याच्या आत, मागच्या बाजूला असलेल्या स्वाराला एकट्या स्वाराच्या तुलनेत हवेचा विरोध फक्त पाच ते दहा टक्के होतो, असे त्यांना आढळले. पुढचे चारदोन जण घाम गाळत असतात, आणि मधला एखादा बिस्कीट खात, शेजाऱ्याशी बोलत तोच वेग राखत असतो.

शर्यतीतला सगळा कट-कारस्थानाचा भाग या एका गोष्टीतून निघतो. पुढे राहणे म्हणजे स्वतःची शक्ती दुसऱ्याला उसनी देणे. म्हणून ज्याला संध्याकाळी जिंकायचे आहे तो दुपारभर लपतो. म्हणूनच नसरापूर किंवा कापूरहोळच्या बाजूला उभे राहून तुम्ही “पुढं कोण होतं” असे विचारले, तर खरे उत्तर असे असेल: पुढे तो होता ज्याला जिंकायचे नव्हते.

याला काय नाव द्यावे? फ्रेंचमध्ये याला ‘दोमेस्तिक’ म्हणतात, म्हणजे घरगडी. मला तो शब्द आवडत नाही. आपल्याकडे शाहिराच्या मागे झीलकरी असतात. शाहीर कडव्याचा शेवट त्यांच्याकडे टाकतो, ते तो उचलतात, ताणून धरतात, आणि तेवढ्यात शाहीर श्वास घेतो. कव्वालीतही असेच असते. मुख्य गायक तान घेऊन थकतो तेव्हा मागचे हमनवा टाळीवर ओळ पेलून धरतात, आणि तबकडीवर नाव छापले जाते ते अमुक कव्वाल आणि साथी. त्या ‘साथी’मध्ये कितीतरी उत्तम गळे गडप झालेले आहेत. सायकलच्या संघातही एक शाहीर आणि बाकीचे झीलकरी. मी तरी झीलकरीच म्हणणार. क्रिकेटचे धावते वर्णन मराठीतून होऊ शकते हे बाळ ज. पंडित यांनी याच नभोवाणीवरून दाखवून दिले. तसे कोणी या खेळाला मिळाले तर शब्दांची ददात राहणार नाही.

झीलकऱ्याचे काम काय? वाऱ्यात पुढे राहून आपल्या शाहिराला आडोसा द्यायचा. मागे संघाच्या मोटारीपर्यंत जायचे, सदऱ्याच्या पाठीत पाण्याच्या पाच-सहा बाटल्या खुपसायच्या, आणि ते ओझे घेऊन पुन्हा थव्याला गाठून पुढे आपल्या माणसापर्यंत पोचायचे. शाहिराचे चाक पंक्चर झाले तर आपले काढून द्यायचे. दुसऱ्या संघाचे कोणी पळून गेले तर पाठलाग करायचा. आणि हे सगळे करून अंगात जोर उरला नाही की हळूच बाजूला व्हायचे. टीव्हीवर असा स्वार एकदम मागे मागे जाताना दिसतो आणि बघणाऱ्याला वाटते, हा थकला, हा कच्चा. खरे तर त्याचे त्या दिवसाचे काम चोख झालेले असते.

या कामाची किंमत काय असते ते १९३४ च्या तूर द फ्रान्समध्ये दिसले. रेने व्हिएतो हा वीस वर्षांचा पोरगा त्या वर्षी डोंगरात सगळ्यांना भारी पडत होता. त्याच्या संघाचा म्होरक्या होता आंतोनँ मान्ये. पिरेनीज पर्वतात मान्येच्या चाकाला अपघात झाला. व्हिएतोने आपले चाक काढून त्याला दिले आणि मदतीची गाडी येईपर्यंत तो रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर रडत बसला. त्याचे त्या वेळचे छायाचित्र फ्रान्सभर गेले. दुसऱ्या दिवशी मान्येची सायकल पुन्हा बिघडली. व्हिएतो पुढे होता. तो उलटा फिरला, उतरलेला डोंगर पुन्हा चढला आणि आपली सायकल देऊन आला. त्या वर्षी मान्ये जिंकला. व्हिएतो पाचवा आला. तूर द फ्रान्स त्याला पुढे कधीच जिंकता आली नाही, पण फ्रान्समध्ये आजही १९३४ म्हटले की जिंकलेल्या मान्येपेक्षा कठड्यावरचा पोरगा लोकांना आधी आठवतो. हे न्याय्य झाले की अन्याय्य, मला अजून ठरवता आलेले नाही. मान्येही त्या दिवशी जीव तोडूनच सायकल मारत होता, आणि चाक मागणे हा त्याचा हक्कच होता.

आता डाव बघू. जवळजवळ प्रत्येक टप्प्यात सुरुवातीला तीन-चार किंवा पाच-सहा जण थवा सोडून पुढे पळतात. रस्त्याकडेच्या माणसांना वाटते, हेच जिंकणार, आणि टाळ्या त्यांनाच मिळतात. पण थव्याने त्यांना मुद्दाम सोडलेले असते. बेरजेत फार मागे असलेले लोक गेले तर जाऊ दे, पुढे दमतील, असा हिशेब असतो. पळालेल्यांना एकमेकांच्या आडोशाने आळीपाळीने वारा फोडावा लागतो; पाच जणांत प्रत्येकाची पाळी लगेच येते. थव्यात शंभर जण आहेत, पाळी यायला वेळ लागतो. शेवटी थवा वेग वाढवतो आणि त्यांना धरतो. रॉबेर शापात हा फ्रान्सचा जुना स्वार, नंतर धावते वर्णन करू लागला. त्याने एक अडाखा सांगून ठेवला आहे: थव्याने मनावर घेतले, तर पळालेल्यांची आघाडी दर दहा किलोमीटरला एक मिनिट कमी करता येते. म्हणजे तीस किलोमीटर उरले असताना पळालेले तीन मिनिटे पुढे असतील तर शेवट अगदी रेषेवर होईल. चार मिनिटे असतील तर थव्याने उशीर केला. हा अडाखा मोठ्या सपाट रस्त्यांवरचा आहे. आपल्याकडच्या अरुंद, वळणांच्या रस्त्यांवर शंभर जणांच्या थव्याला तेवढा वेग धरता येत नाही, आणि पळालेल्या पाचांचे फावते.

तरीही ते पाच जण पळतात का, हरणार हे माहीत असून? कधी कधी ते हरत नाहीत म्हणून. थव्यात अनेक संघ असतात, आणि पाठलागाचे काम कोणी करायचे यावर त्यांच्यात अबोला चालतो. “तुझा माणूस जोराच्या शेवटच्या धावेत तरबेज आहे, तेव्हा तूच ओढ,” असे हा संघ त्या संघाला मनात म्हणतो. तो म्हणतो, “पिवळा सदरा तुझ्याकडे, राखायची जबाबदारी तुझी.” या ओढाताणीत मिनिटे निघून जातात. आपल्या सोसायटीच्या निवडणुकांत दोघांच्या भांडणात तिसरा निवडून येतो, तसेच. म्हणून थव्याच्या तोंडाशी कोणत्या रंगाचे सदरे आहेत ते बघावे. एकाच संघाचे तीन-चार जण ओळीने पुढे असतील तर त्या संघाने काम अंगावर घेतले आहे. प्रत्येक रंगाचा एकेकच दिसत असेल आणि थवा रुंद पसरला असेल, तर कोणालाच ओढायचे नाही. थवा लांब, एकेरी दोऱ्यासारखा झाला तर समजावे की पुढे वेग भयंकर आहे आणि मागचे लटकले आहेत.

बाजूने वारा आला तर आणखी एक गंमत होते. तेव्हा आडोसा थेट मागे नसतो, तिरका मागे असतो. स्वार पाखरांच्या रांगेसारखे तिरके लागतात. पण रस्ता किती रुंद? दहा-बारा जणांत तो संपतो. तेरावा वाऱ्यात उघडा पडतो, आणि तिथे थव्याचे तुकडे होतात.

आणि मग घाट.

माउलींच्या पालखीच्या रथाला दिवे घाटात जादा बैलजोड्या जुंपतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. चढ आला की मदत वाढते. सायकलीच्या शर्यतीत याच्या उलट होते. चढावर वेग ताशी पंधरा-वीसवर येतो, हवेचा विरोध उतरतो आणि त्याबरोबर आडोशाची किंमतही. आता लढाई पृथ्वीच्या ओढीशी असते, आणि तिथे दुसऱ्याच्या मागे लपता येत नाही. एकेक झीलकरी गळत जातो, आणि दोनतीन वळणांत म्होरके उघडे पडतात. घाटात वजन बोलते. ढोबळ हिशेब करून बघा. साठ किलोचा आणि पंचाहत्तर किलोचा असे दोन स्वार आहेत. यूसीआयच्या नियमाने सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही, तेव्हा तेवढी धरू. दोघेही पायडलवर तीनशे वॅटचा जोर सतत लावत आहेत आणि तीनशे मीटर उंच चढायचे आहे. हवा आणि टायरचे घर्षण सोडून दिले, तर हलक्याला सुमारे अकरा मिनिटे लागतील आणि जडाला तेरा मिनिटांहून जास्त. जवळजवळ अडीच मिनिटांचा फरक. जड स्वाराच्या मांड्यांत जोरही अधिक असतो म्हणून प्रत्यक्षात फरक इतका पडत नाही, पण पडतो. सपाटीवर जोराची शेवटची धाव जिंकणारे दांडगे गडी घाटात मागे का पडतात, याचे कारण हेच.

तुम्ही खानापूरकडून रांजण्यावरून पाबे घाट चढून वेल्ह्याला कधी गेला असाल तर तो रस्ता डोळ्यांसमोर आणा. माथ्यावरून राजगड आणि तोरणा समोर दिसतात, एवढ्यासाठीसुद्धा जावे. असा अरुंद, वळणांचा घाट पुढे असेल तर खरी लढाई घाटात नव्हे, घाटाच्या दोन-तीन किलोमीटर आधी होते. प्रत्येक संघाला आपला माणूस पहिल्या वीसांत घालून वळण घ्यायचे असते. शंभर जणांना पहिल्या वीसांत यायचे असते, म्हणजे काय धक्काबुक्की होत असेल बघा. गावाची वेस, अरुंद पूल, गतिरोधक, सगळीकडे हाच प्रकार. पुढचे जेमतेम ब्रेक लावतात, मागच्यांना पार थांबावे लागते, आणि मग गेलेल्यांना गाठायला जीव काढावा लागतो. भात्यासारखा थवा आखडतो आणि ताणतो, आणि शेपटाकडच्या माणसाचा दम घाट सुरू होण्याआधीच निम्मा संपतो. म्हणून पन्नासाव्या नंबरवर घाट सुरू करणारा माणूस चढणारा कितीही तगडा असला तरी आधीच हरलेला असतो. उतारावर उलट. तिथे ताकद नाही, छाती लागते, आणि रस्त्यावर वाळू किती आहे याची माहिती लागते. शर्यतीच्या निमित्ताने मार्गावरचे रस्ते नव्याने डांबरी झाले, त्याचा दूधवाल्यांना आणि शाळकरी पोरांना फायदा झाला. ते डांबर किती पावसाळे टिकते, ही वेगळीच टप्प्यांची शर्यत आहे.

घाटाचा मान आपल्याकडे नवा नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. फ्रान्समध्ये १९७५ पासून डोंगरातल्या उत्तम स्वाराला पांढऱ्यावर लाल ठिपक्यांचा सदरा देतात. कल्पना एकच. मात्र ठिपक्यांचा सदरा घातलेला स्वार सगळ्यांत उत्तम चढणारा असेलच असे नाही. घाटमाथ्यावर आधी पोचण्याचे गुण असतात, आणि सकाळीच पळून गेलेला एखादा हुशार गडी ते गोळा करतो, तर खरे बलवान मागे थव्यात एकमेकांवर नजर ठेवून असतात.

एखाद्याची कामगिरी जोखताना म्हणून नुसता नंबर बघू नये. त्याला काय काम दिले होते ते बघावे. माणूस थकला की चढावर खांदे डोलू लागतात, गुडघे बाहेर जातात, तो सारखा मागे वळून बघतो. काही बेरकी मात्र धडधाकट असताना तोंड वासून थकल्याचे सोंग करतात, म्हणजे दुसरा ओढायला पुढे जाईल. सोंगाचा हा खेळ दुसऱ्या अर्थानेही झाला आहे. लान्स आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ मधली तूर द फ्रान्सची सातही विजेतेपदे २०१२ साली उत्तेजक औषधांपायी काढून घेतली गेली. तेव्हापासून डोंगरात कोणी फारच सहज निघून गेला की जुने जाणकार टाळ्या जरा उशिराने वाजवतात. याला इलाज नाही.

पुन्हा कधी शर्यत या बाजूला आली तर सपाट रस्त्यावर उभे राहू नका. घाटात जा, तेही माथ्यापासून अर्धा-एक किलोमीटर अलीकडे, जिथून खालची दोन वळणे दिसतील. रस्ते बऱ्याच आधी बंद होतात, तेव्हा लवकर निघा, डबा आणि पाणी बरोबर घ्या. हातात घड्याळ ठेवा. पळालेल्यांतला पहिला तुमच्यासमोरून गेला की सेकंदकाटा बघा, आणि थव्याचे तोंड आले की पुन्हा बघा. अंतर मीटरमध्ये मोजू नका, डोळा फसतो. ताशी चाळीसच्या वेगात एक मिनिट म्हणजे साडेसहाशे मीटरहून जास्त, घाटात ताशी अठराने तेच मिनिट म्हणजे फक्त तीनशे मीटर. खालून बघणाऱ्याला वाटते, आता धरलेच. आणि आघाडी मात्र तसूभरही कमी झालेली नसते. पळालेल्यांच्या बरोबरीने एक मोटारसायकल जाते. तिच्यावर मागे बसलेला माणूस छोट्या फळ्यावर खडूने हेच अंतर लिहून स्वारांना दाखवत असतो. तुमचा आकडा त्याच्या फळ्याशी ताडून बघा.

थवा गेला म्हणून घरी वळू नका. शेवटचे स्वार बाकी असतात. ठरलेल्या वेळेच्या आत पोचले नाहीत तर दुसऱ्या दिवशी त्यांना सुटता येत नाही, म्हणून मागे राहिलेले एकमेकांच्या सोबतीने गट करून येतात, वेगवेगळ्या संघांचे, दुपारी एकमेकांशी भांडलेले. त्यांत दोघेतिघे तरी असे असतील ज्यांनी चाळीस किलोमीटर वारा फोडलेला असेल. सदऱ्याची पाठ बघा. बाटल्या वाहून वाहून खिसे लोंबलेले असतात. त्यांच्या पाठीवरचा क्रमांक लिहून घ्या आणि संध्याकाळी यादी शेवटून वर वाचत जा. नाव सापडेल. त्याच संघाचा दुसरा कोण वर आहे तेही त्याच कागदावर असते. सगळ्यांत मागून एक गाडी येते, शर्यत सोडलेल्यांना गोळा करत. ती गेली की रस्ता खुला.